सेव्हन-ए काढणाऱ्या पोराला सुळक्यावर लीड द्यावी का?

हिप्परगाकर
शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

आपल्या सोलापुराला कडा नाही ही जुनीच रड. चहूकडं माळ, ज्वारी आणि हल्ली ऊस. नळदुर्गचा कातळ बघून हात शिवशिवतात, पण ते संरक्षित स्मारक, तिथं खिळासुद्धा ठोकायचा नाही. इथल्या माणसाला चढाईचा नाद लागला की वाटा दोनच. गदगची लाईन धरून विजयपूर, बागलकोट मागे टाकत बदामी गाठायची, नाहीतर रात्रीच्या गाडीनं पुणे आणि तिथून पुढं सह्याद्री. बदामीत लाल वालुकाश्म आणि रूटवर कातळात आधीच मारून ठेवलेले बोल्ट. सह्याद्रीत बेसाल्ट, घसारा, वाळलेलं गवत, आणि बोल्ट सापडलाच तर तो कुणी, कधी मारला याचा पत्ता नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लीड म्हणजे वरून दोर नसताना सगळ्यांच्या पुढं चढणं, आणि खालून त्याचा दोर धरणं म्हणजे बिले. चढाई दोन तऱ्हेची. स्पोर्टमध्ये ठरावीक अंतरावर बोल्ट असतात, चढणारा त्यात क्विकड्रॉ (दोन टोकांना कड्या असलेली पट्टी) अडकवून रोप टाकत वर जातो. ट्रॅडमध्ये भेगेत नट, हेक्स (दोन्ही धातूचे ठोकळे), फ्रेंड (पानं उघडून भेगेत बसणारं साधन) जे बसेल ते आपलं आपण बसवायचं आणि मागून येणाऱ्या सेकंडनं ते काढत यायचं. रोप अडकवलेला असा प्रत्येक आधार म्हणजे रनर.

आता मुद्दा. आमच्या ग्रुपमध्ये विशीतला एक पोरगा आहे. शिकायला पुण्यात, कॉलेज सुटलं की रोज वॉलवर (सरावाची कृत्रिम भिंत). गेल्या हिवाळ्यात बदामीत त्यानं ७ए, म्हणजे चांगलाच अवघड ग्रेडचा रूट काढला. आमच्या ग्रुपमध्ये आजवर कुणाला जमलं नव्हतं ते. या डिसेंबरात आम्ही एका सुळक्यावर चाललोय (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर अख्खा धागा त्या सुळक्यावरच घसरेल). दुसरी पिच, म्हणजे चढाईचा दुसरा टप्पा, भेगेची आहे, सगळी ट्रॅड. ती पोराला लीड करायची आहे. मी म्हटलं, इतक्यात नको. त्याचं उत्तर, "दादा, पाचची ग्रेड आहे. मी वॉर्मअपला याच्यापेक्षा अवघड चढतो."

हे खरं आहे, आणि तिथंच घोळ आहे. दुसऱ्या बाजूला आमचे ज्येष्ठ म्हणतात की बोल्टवर चढणाऱ्याला ते आरोहक मानतच नाहीत. मला दोघांचंही पटत नाही. बोटांत किती जोर आहे ते ग्रेड सांगते. भेग किती खरी आहे ते सांगत नाही. तसंच भेगेतलं ज्याला कळतं त्याला पडण्यातलं कळतंच असं नाही. एका कसबाच्या जोरावर दुसऱ्याचा मान घ्यायला गेलं की अपघात होतो, असं माझं मत. तुमचं सांगा.


चादरवाला
शुक्रवार, रात्री १०:३१

मालक, आम्ही गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसलो तरी डोळे मिटून घेतो, तेव्हा आमचं मत राहू द्या. शंका एकच. दोन्हीकडं कंबरेला दोर आहे, खाली धरणारा माणूस आहे. मग एक सेफ आणि एक डेंजर कसं काय?


बिलेवाला_इंजिनियर
शुक्रवार, रात्री ११:०५

चादरवाला, शंका रास्त आहे, हिशोबच मांडतो.

शेवटच्या रनरपासून तुम्ही जितके वर, त्याच्या दुप्पट खाली येणार. रोपचा ढिला आणि ताण वेगळा. बोल्टच्या २ मीटर वर असताना हात सुटला तर ४ मीटर आणि वर थोडं. रोज वॉलवर पोरं असं पडतात आणि हसत लोंबकळतात. आता तोच प्रसंग भेगेत. वरचा रनर म्हणजे तुम्ही बसवलेला नट. तो निघाला आणि त्याच्या खालचा ४ मीटर खाली असला, तर तुम्ही त्या खालच्या रनरच्या ६ मीटर वर होता. म्हणजे ४ चे १२ झाले. त्या १२ मीटरमध्ये एखादी पायरी बाहेर आलेली असली तर रोप ताणायच्या आधीच पाय मोडलेला.

अजून एक, हे नवख्यांना उलटं वाटतं. झटका किती बसणार ते पडलेली उंची भागिले बाहेर असलेला रोप यावर ठरतं. २० मीटर रोप बाहेर असताना ४ मीटर पडलात तर ०.२. पण स्टेशन (पिच सुरू होते ती जागा, बिले देणारा तिथं बांधून असतो) सोडून एकही रनर न लावता ५ मीटर वर गेलात आणि पडलात तर पडणं १० मीटर, रोप ५ मीटर, म्हणजे २. एवढा वाईट झटका उंच गेल्यावर बसत नाही, पिचच्या सुरुवातीला बसतो. हिप्परगाकर, तुमची भेगेची पिच दुसरी आहे, म्हणजे स्टेशन आधीच हवेत. पहिला रनर कुठं आणि कसा बसतो यावर दोघांचा जीव आहे.

बोल्टला लावलेल्या चांगल्या हँगरवर (क्विकड्रॉ अडकवायची धातूची पट्टी) २२ नाहीतर २५ किलोन्यूटन असा आकडा कोरलेला असतो. २५ म्हणजे ढोबळमानानं अडीच टन. अगदी बारक्या नटांवर २, ४ असे आकडे असतात. पण हे सगळे आकडे धातूचे. दगडाचा आकडा कुणी कोरून ठेवत नाही.


विजापूर_वेस
शनिवार, सकाळी ६:४८

मीच तो ज्येष्ठ. लपवाछपवी कशाला.

आम्ही शिकलो तेव्हा नियम एकच होता, लीडरनं पडायचं नाही. का? तर हार्नेस धड नव्हते, रनर भरवशाचे नव्हते. त्यामुळं प्रत्येक होल्ड ठोकून, हलवून, मगच वजन टाकायचं. वर जायच्या आधी खाली कसं यायचं हे डोक्यात पाहिजे. हातात २ तास आहेत की ४, पाणी किती, आग्या मोहोळ कुठल्या बाजूला, हे सगळं आरोहणातच येतं. आता मोहोळ हा काही विनोद नाही. सह्याद्रीत कड्यावर माणूस लोंबकळत असताना माश्या उठल्या की ग्रेड विचारायला कुणी थांबत नाही.

आजची पोरं येतात, चढतात झकास, मान्य. पण दोन बोल्टांमधलं अंतर जरा वाढलं की वर बघून विचारतात, "पुढचा कुठं आहे?" पुढचा तू लावायचाय बाळा.

बोल्ट म्हणजे दगडाला पाडलेलं कायमचं भोक. ज्याची ताकद नाही त्यानं खालून परत जावं, दगड आपल्या लायकीवर आणू नये. एवढंच माझं म्हणणं.


सातरस्ता
शनिवार, सकाळी ९:२०

काका, नमस्कार. तुम्हाला मानते, पण हे "आरोहक मानत नाही" प्रकरण पटत नाही.

मी बदामीलाच शिकले. तिसऱ्या-चौथ्या बोल्टच्या वर, पाय थरथरत असताना, "पडले तरी चालेल" हे शरीराला पटवणं हीच तिथली मेहनत आहे. पडायची भीती गेल्याशिवाय हालचाल मोकळी होत नाही. जिथं पडलं तरी चालतं तिथंच माणूस आपल्या क्षमतेच्या टोकाला जाऊन बघू शकतो. त्यातूनच आज ही खेळाची शाखा टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आली. त्याला हिणवायचं कारण नाही.

आणि स्पोर्ट सेफ म्हणून लोक जे सैल वागतात, त्याची गोष्ट जगात सगळ्यांना ठाऊक आहे. लिन हिल, त्या काळातली सर्वांत ताकदीची क्लाइंबर. मे १९८९, फ्रान्समधलं ब्यू. वॉर्मअपचा सोपा रूट. रोप हार्नेसमधून ओवला, मध्येच बोलण्यात, बूट घालण्यात लक्ष गेलं आणि गाठ मारायची राहिली. रूट पूर्ण केला, वर पोचल्यावर खाली यायला रोपवर मागे रेलली आणि २० मीटरपेक्षा जास्त खाली आली. मध्ये झाड लागलं म्हणून वाचली. तिनंच १९९३ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटान कड्याचा नोज हा रूट फ्री केला, म्हणजे रोप-रनरवर वजन न टाकता चढली. म्हणजे कौशल्य कमी होतं असं कुणी म्हणूच शकत नाही. त्या दिवशी तिच्या आड काय आलं, तर रूट सोपा होता हेच.


खडी_आणि_खाण
शनिवार, दुपारी १:४०

हिप्परगाकर मालक, धागा सकाळपासून वाचूलालो. चढाईतलं आपल्याला काय कळत नाय, पण आमची दोन पिढ्यांची खाण आहे, दगड कळतो थोडाफार. म्हणून बोलतो, चूक असलं तर सोडून द्या.

काळा पाषाण सगळा एकच, असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नाय बे. वर घट्ट काळा, खाली मांजऱ्या, त्यात पांढरी गार भरलेली बारकी भोकं, मग एखादा लाल गेरूचा पट्टा, परत घट्ट. विहीर खोदताना हे सगळं एकाखाली एक लागतं. घट्ट दगडात जी उभी चीर दिसते ती कधी आतपर्यंत गेलेली असते, आणि कधी नुसती पुढची पाटी सुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत्यात.

आम्ही पहारीनं ठोकून बघतो. टण्ण वाजला तर दगड जाग्यावर आहे. बद्द वाजला की मागं सरकायचं, मग वरून मालक ओरडू दे नायतर मुकादम. पोराला हे वाजवणं येतं का, एवढंच विचारायचं होतं.


बिलेवाला_इंजिनियर
शनिवार, दुपारी २:१५

> बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत्यात.

क्या बात है. याला एक जोड देतो. फ्रेंडवर खाली ओढ आली की त्याची पानं बाहेर रेटतात. पानाचा कोन असा ठेवलेला असतो की भेगेच्या प्रत्येक भिंतीवर रेटा साधारण ओढीच्या दुप्पट पडतो. रे जार्डिननं ही युक्ती काढली आणि १९७८ मध्ये फ्रेंड बाजारात आले ते योसेमिटीच्या ग्रॅनाइटमधल्या भेगांसाठी. तिथं भिंत म्हणजे भिंत. आपल्याकडं सुटलेल्या पाटीमागं तोच फ्रेंड लावलात तर तुम्हाला धरून ठेवण्याऐवजी तो पाटीच उचकटणार, आणि ती पडणार खाली उभ्या असलेल्या बिले देणाऱ्याच्या डोक्यावर. बोल्टचंही तेच. एक्स्पान्शन बोल्ट घट्ट काळ्यात मस्त धरतो, मांजऱ्यात त्याला पकडायला काही नाही.

काका, म्हणूनच मला "ट्रॅड शुद्ध, बोल्ट अशुद्ध" हे परदेशातून आणलेलं वाटतं. आपल्या बहुतेक सुळक्यांवर जुने पेग (भेगेत ठोकलेले खिळे), हातानं भोक पाडून मारलेले जुने बोल्ट, मध्ये एखादं झाड, एखादी नैसर्गिक खुंटी असं मिश्रण आहे. ते बोल्ट तुमच्याच पिढीनं मारलेत की.


विजापूर_वेस
शनिवार, रात्री ८:०३

मारलेत. जिथं भेग नव्हती तिथं मारलेत. भेगेशेजारी नाही मारले. फरक आहे.


सेकंडमॅन
शनिवार, रात्री ९:५५

सगळे लीडरबद्दल बोलताय. मी आयुष्यभर सेकंड, म्हणजे दुसऱ्याच्या अहंकाराचं वजन ज्याच्या हार्नेसवर येतं तो.

एक प्रसंग. नाव-गाव विचारू नका. पहाटे दव पडून दगड ओला. लीडर नावाजलेला, सगळा बाज ट्रॅडचा. मी ज्या स्टेशनवर होतो तिथं दोन जुने पेग, त्यातला एक हातानं हलत होता. मी ओरडून सांगितलं, ऊन येऊ दे, तोवर खाली ये. खाली गावातली माणसं जमलेली, कुणीतरी ड्रोन उडवत होतं. तो आला नाही. २५ मीटरमध्ये तीन रनर लावले त्यानं. मी सेकंड म्हणून वर गेलो तर पहिला नट माझ्या बोटाच्या धक्क्यानं बाहेर आला. काढावा लागलाच नाही. दुसरा गवताच्या मुळ्यांत होता. तिसरा चांगला होता.

वर गेल्यावर हारतुरे. त्याच्या डोक्यात आजही ती पिच "व्यवस्थित प्रोटेक्ट केलेली" आहे. कारण तो पडलाच नाही.

वॉलवरचं पोरगं चुकतं तेव्हा तिथल्या तिथं पडतं आणि शिकतं. ट्रॅडमध्ये तुम्ही दहा वर्षं चुकीचे नट लावू शकता आणि एकही तुम्हाला सांगत नाही की मी चुकीचा आहे. पडलात तरच कळणार. त्यामुळं "एवढी वर्षं चढतोय, काही झालं नाही" या वाक्याला मी काडीची किंमत देत नाही. लीडर किती चांगला हे पाहायचं असेल तर त्याचे नट काढत जाणाऱ्याला विचारा.


हिप्परगाकर
शनिवार, रात्री १०:२०

सेकंडमॅन, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं म्हणालात. पोराला मी "अनुभव घे" म्हणत होतो, पण कसला अनुभव हे मला सांगता येत नव्हतं. नुसतं वर्ष मोजून उपयोग नाही, लावलेला रनर तपासणारं कुणीतरी पाहिजे.


वॉलवरचा
शनिवार, रात्री ११:४७

नमस्कार. ज्याच्यावर एवढं बोलणं चाललंय तो पोरगा मी. लिंक हिप्परगाकर दादांनीच पाठवली. वाचून आधी चिडलो, जेवलो, परत वाचलं.

मला दगडाचा आवाज ओळखता येत नाही, मान्य. कुणी शिकवला नाही, आणि पुण्यातल्या प्लायवूडवर ठोकून काय वाजणार. पण थोडं माझंही ऐका.

मी पडायला शिकलोय. शरीर सैल ठेवायचं, रोप पायामागं येऊ द्यायचा नाही, भिंतीवर पाय कसे टेकवायचे, समोरचा पडताना बिले मऊ कशी द्यायची. मागच्या वर्षी तुमच्यापैकी एका काकांना मी बिले देत होतो. त्यांचा पाय सुटला, जेमतेम एक मीटर, आणि त्यांनी क्विकड्रॉच मुठीत पकडला. नशीब, बोटं शाबूत राहिली. पडायचंच नाही हा नियम पाळता पाळता पडायचं कसं हे शिकायचंच राहून गेलंय.

दुसरं. निघायच्या आधी एकमेकांची गाठ, एकमेकांचं बकल तपासायचं, हे वॉलवर पहिल्या दिवशी शिकवतात. तुमच्यात हे कुणी करत नाही. मी तपासायला हात पुढं केला की हसता. सातरस्ता ताईंनी सांगितलेली गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

ग्रेड हा माझा अहंकार असेल. "आम्ही बोल्टशिवाय चढलो" हा कुणाचा?


सातरस्ता
रविवार, सकाळी ७:३०

शाब्बास रे.


चादरवाला
रविवार, सकाळी ८:१५

मंडळी, चढाई नाही कळत, पण काठी कळते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. आमच्या आळीतली पोरं कित्येक आठवडे आधीपासून रात्री सराव करतात. सरावात काठी कलली तर चार हात पुढं येतात, कुणी काही म्हणत नाही, परत उभी करतात. यात्रेच्या दिवशी तीच काठी, पण भोवती लाखाची गर्दी. कुणाच्या खांद्यावर द्यायची ते म्हातारे ठरवतात, आणि ते दंड बघत नाहीत. सरावात काठी कलायला लागल्यावर ज्यानं "धरा" म्हणून वेळेत हाक मारली त्याला आधी देतात. ताकदीच्या घमेंडीत जो गप्प राहतो त्याला मागं ठेवतात.

उगीच आठवलं म्हणून लिहिलं.


विजापूर_वेस
रविवार, सकाळी ९:०२

मुठीत क्विकड्रॉ पकडणारा काका मीच. बोटं माझीच आहेत, काळजी नसावी.

पण बोल्टवरून एक सांगतो, मग गप्प बसतो. दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियात सेरो तोरे नावाचा सुळका आहे. १९७० मध्ये चेझारे माएस्त्री नावाच्या इटालियन माणसानं तिथं पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर ओढत नेला आणि चारशेच्या आसपास बोल्ट ठोकले, शेजारी भेगा असतानासुद्धा. याला काय म्हणायचं?


बिलेवाला_इंजिनियर
रविवार, सकाळी ९:४०

काका, अहंकारच म्हणायचं, वाद नाही. पण गोष्ट पुढंही सांगा ना. २०१२ मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक ही दोन तरुण पोरं माएस्त्री ज्या धारेनं गेला त्याच धारेवरून त्याचे बहुतेक बोल्ट न वापरता वर गेली आणि उतरताना शंभरावर बोल्ट उपटून आली. खाली एल चाल्तेन गावात लोक भडकले, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. आम्हाला न विचारता आमच्या डोंगराचं काय करायचं ते ठरवणारे तुम्ही कोण, असा सवाल. थोड्याच दिवसांत डेव्हिड लामानं ती धार फ्री चढून दाखवली, म्हणजे बोल्टची गरज नव्हती हे सिद्धच झालं. तरीही ठोकणारा आणि उपटणारा, दोघांनीही बाकीच्यांना विचारलं नाही. माझ्या मते इगो तिथं आहे. साधन कुठलंही असो.

आपल्याकडं कुणी भेगेशेजारी बोल्ट मारला तर मीही विरोध करेन. पण सुळक्यावरच्या स्टेशनला दोन सडके पेग तसेच ठेवून त्याला परंपरा म्हणायचं, हे मला जमत नाही. सेकंडमॅन कशावर उभे होते वाचलंत ना?


खडी_आणि_खाण
रविवार, सकाळी १०:१०

भांडा नंतर. आमची एक जुनी बाजू बंद आहे, सुरुंग लावून बरीच वर्षं झाली. खालच्या अंगाला पुरुषभर उंचीचा पक्का काळा दगड आहे, उभ्या चिरा आहेत. वरचं सैल काढून दिलंय. चढायचं नाय, जमिनीवर उभं राहून काय लावायचं ते लावा. ऊन चढायच्या आत या, हेल्मेट घालून या. पहार मी देतो.


हिप्परगाकर
पुढचा रविवार, रात्री ९:३०

गेलो होतो. सविस्तर लिहितो, कारण मतं पुष्कळ झाली, हे बघितलेलं आहे.

सकाळी साडेसहाला पोचलो. पोरगा, मी, विजापूर_वेस काका, सेकंडमॅन आणि यजमान. पोराला पूर्ण रॅक (नट-फ्रेंडचा सगळा संच) दिला आणि सांगितलं, या भिंतीत जमिनीवरून पोचेल तिथं जे योग्य वाटेल ते लाव. कुणी बोलायचं नाही. त्यानं भराभर लावले. हात बघण्यासारखा, नट निवडताना एकदाही दोनदा बदलला नाही. मग प्रत्येकात स्लिंग (पट्टीचा फास) अडकवून, त्यात पाय ठेवून मी स्वतः झटके देत वजन टाकलं.

निम्म्याहून जास्त उत्तम. पहिल्या हंगामात माझे एवढे चांगले नव्हते. एक नट भेगेत खालच्या बाजूला उघड्यावर बसवलेला, दुसऱ्या झटक्याला धूळ उडवत निघाला. एक फ्रेंड पानं जवळजवळ पूर्ण उघडलेला, वजनाला फिरला आणि सुटला. आणि एक फ्रेंड दिसायला इतका सुरेख की फोटो काढावा. चारही पानं सारखी टेकलेली, दांडा ओढीच्या दिशेनं. मी पाय ठेवणार तेवढ्यात यजमान म्हणाले, थांबा. भेगेच्या उजव्या काठावर पहार हलकेच मारली. टण्ण. डाव्या काठावर मारली. बद्द. सगळ्यांना ऐकू आलं. टेबलाएवढी पाटी, मागून मोकळी. पोरानं पहार हातात घेतली आणि पुढचा अर्धा तास अख्खी भिंत वाजवत फिरला. आम्ही चहा प्यायलो.

मग उलटा डाव. पोरानं काकांचा रॅक जमिनीवर मांडला आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागला. हेक्स ठणठणीत. पण त्यातल्या दोऱ्या आणि चार स्लिंग रंग उडून पांढरट पडलेल्या, एक बोटांत घेतल्यावर सुतळीगत कडक. नायलॉन वापरलं नाही तरी जास्तीत जास्त १० वर्षं, असं बनवणारेच सांगतात. काका म्हणाले, "अजून धरतंय." पोरगा काही बोलला नाही, त्यानं मोबाईल काढून टॉड स्किनरबद्दल वाचून दाखवलं. इतका मुरलेला क्लाइंबर, २००६ मध्ये योसेमिटीत त्याच्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप (सगळं वजन धरणारा पुढचा फास) तुटला आणि त्यातच तो गेला. तो लूप झिजलाय हे त्याला माहीत होतं, नवीन हार्नेस मागवलेलाही होता.

काकांनी चारही स्लिंग तिथंच चाकूनं कापल्या. वाईट वाटलं असणार, बोलले नाहीत.

माझा निर्णय: या डिसेंबरात दुसऱ्या पिचला पोरगा सेकंड. माझा प्रत्येक रनर काढायच्या आधी बघायचा, नापसंत असेल तर वर आल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं. नंतर एखाद्या सोप्या भेगेवर वरून दुसरा रोप लावून तो लीड करेल, त्यावर त्याचे रनर सेकंडमॅन तपासतील. त्यानंतर बघू.


वॉलवरचा
पुढचा रविवार, रात्री १०:१५

सेकंड कबूल. पण "त्यानंतर बघू" म्हणजे नक्की कधी? तारीख सांगा दादा.

आणि त्या पाटीमागचा फ्रेंड मी सुळक्यावर लावला असता तर अगदी निर्धास्त चढलो असतो, हे मात्र खरं. ७ए काढताना मला कधी एवढं निर्धास्त वाटलं नव्हतं.


हिप्परगाकर
पुढचा रविवार, रात्री १०:२२

तारीख नाही. सेकंडमॅन सांगतील तेव्हा.


सेकंडमॅन
पुढचा रविवार, रात्री १०:४०

मी लवकर सांगणार नाही. राग धरू नको.


विजापूर_वेस
सोमवार, सकाळी ६:३०

नवीन स्लिंग मागवल्या. पुण्यात भाव विचारून डोळे पांढरे झाले.

जानेवारीत यात्रा आटोपली की ही पोरं बदामीला जातायत असं कळलं. मलाही यायचंय. पडायचं कसं ते दाखवणार असाल तर.


वॉलवरचा
सोमवार, सकाळी ८:०५

काका, पहिल्या दिवशी तिसऱ्या बोल्टवरून मुद्दाम पडायचं आहे. बिले मी देतो. क्विकड्रॉला हात लावला तर चहाचं बिल तुमच्याकडं.


विजापूर_वेस
सोमवार, सकाळी ८:११

चहाचं बिल आत्ताच माझ्याकडं धर. आणि निघताना गाठ तपासून घेईन तुझी. गोलगुंबज एक्सप्रेसला खालचा बर्थ मिळतो का ते बघ, गुडघे दुखतात.